सेकंदाला दीड लाखाचा रिफंड, आणि दोह्यात न पोचलेला ओटीपी

२०२४-२५ या आर्थिक वर्षात भारताच्या इन्कम टॅक्स खात्यानं करदात्यांना सुमारे ४ लाख ७७ हजार कोटी रुपये परत केले. जास्तीचा भरलेला किंवा जास्तीचा कापला गेलेला कर. एवढी रक्कम नुसती वाचून हाती काही लागत नाही. ती वर्षभराच्या घड्याळावर पसरली तर दिवसाला १,३०६ कोटी होतात, तासाला ५४ कोटी, मिनिटाला ९० लाख आणि सेकंदाला दीड लाख रुपये. रात्री, रविवारी, लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळीसुद्धा. यातला मोठा वाटा कंपन्यांचा असतो, तरीही आकडा आकडाच. डॉलरमध्ये तो छप्पन्न अब्जांच्या घरात जातो, म्हणजे नैसर्गिक वायूवर श्रीमंत झालेल्या कतार देशाच्या वर्षभराच्या राष्ट्रीय उत्पादनाचा साधारण चौथा हिस्सा.

२०१३-१४ मध्ये परत केलेली रक्कम ८३,००८ कोटी होती आणि रिफंड यायला सरासरी ९३ दिवस लागत. २०२४ मध्ये ही सरासरी १७ दिवसांवर आली. बंगळुरूचं केंद्रीय प्रक्रिया केंद्र, ज्याला सगळे सीपीसी म्हणतात, त्याचं हे काम खरोखर मोठं आहे. ३१ जुलै २०२४ ला रात्री ८ वाजून ८ मिनिटांनी एका मिनिटात ९,३६७ रिटर्न आली. त्या एका दिवसात ६९ लाख ९२ हजार. त्याच महिन्यात १७ तारखेच्या सकाळी तर एक सेकंद असा आला की त्यात ९१७ रिटर्न दाखल झाली.

भारतात ८ वाजून ८ मिनिटं झाली होती तेव्हा कतारच्या राजधानीत, दोह्यात ५ वाजून ३८ मिनिटं झाली होती. कतारची लोकसंख्या तीस लाखांच्या आसपास आहे आणि त्यात आठ लाखांहून अधिक भारतीय आहेत. दर चार माणसांत एक भारतीय, कतारी नागरिकांच्या दुपटीहून जास्त. त्यात रत्नागिरी-रायगडची, खेड-चिपळूण-महाडची माणसं आहेत, पुण्या-नाशिकचे इंजिनिअर आहेत, नर्सेस आहेत, बँकांतले हिशेबनीस आहेत. दोह्यात महाराष्ट्र मंडळ आहे, गणपती बसतो. रिझर्व्ह बँकेच्या पाहणीनुसार २०२३-२४ मध्ये परदेशातून भारतात ११८.७ अब्ज डॉलर आले. त्यातले ४.१ टक्के, म्हणजे जवळपास पाच अब्ज डॉलर, एकट्या कतारमधून. आणि देशात सगळ्यात मोठा वाटा, २०.५ टक्के, महाराष्ट्रात आला.

कतारमध्ये पगारावर प्राप्तिकर नाही. एक रियालसुद्धा नाही. तिथलं कर प्राधिकरण २०१८ मध्ये स्थापन झालं, कंपन्यांच्या नफ्यावर १० टक्के कर घेतं, सिगारेटवर आणि एनर्जी ड्रिंकवर शंभर टक्के अबकारी लावतं. कामगाराच्या पगाराकडे पाहत नाही. मग या मंडळींचा रिफंड अडकतो कुठे? तो अडकतो गावाकडे. एनआरओ खात्यातल्या, म्हणजे अनिवासीच्या भारतातल्या कमाईच्या खात्यातल्या मुदत ठेवीत, विकलेल्या फ्लॅटच्या व्यवहारात, भाड्यात. पैसा भारतात कमावलेला, कर भारतात कापलेला, माणूस मात्र समुद्रापलीकडे. आणि तो रिफंड मागायला लागला की पहिला प्रश्न पैशाचा नसतोच. पहिला प्रश्न असतो: तुम्ही तेच का?

समजा, खेड तालुक्यातले एक फोरमन पंधरा-वीस वर्षं दोह्यात आहेत. गावच्या बँकेतल्या एनआरओ ठेवीवर त्यांना वर्षाला दीड लाख रुपये व्याज मिळतं. भारतात राहणाऱ्या भावाला एवढ्याच व्याजावर १० टक्के टीडीएस लागला असता आणि एक फॉर्म भरून तोही टाळता आला असता. अनिवासी माणसाला तो फॉर्म भरायची मुभा नाही. त्याच्या व्याजातून पहिल्या रुपयापासून ३० टक्के आणि त्यावर ४ टक्के उपकर, म्हणजे ३१.२ टक्के कापले जातात. दीड लाखावर ४६,८०० रुपये. त्यांचं भारतातलं दुसरं काही उत्पन्न नसेल तर २०२४-२५ च्या नव्या करप्रणालीत तीन लाखांपर्यंत कर शून्य. म्हणजे ४६,८०० च्या ४६,८०० परत यायला हवेत.

वर सांगितलेल्या वेगानं हा रिफंड एका सेकंदाच्या तिसऱ्या हिश्शात देऊन होतो. फोरमनच्या बाजूनं पाहिलं तर ही रक्कम साधारण २,००० रियाल आहे. कतारनं मार्च २०२१ पासून लागू केलेलं किमान मूळ वेतन आहे महिना १,००० रियाल. म्हणजे त्यांच्या हाताखालच्या हेल्परची दोन महिन्यांची मजुरी. पंचेचाळीस-अठ्ठेचाळीस अंशांच्या उन्हात घेतलेली. हे प्रमाण माझ्या मनातून जात नाही. सरकारच्या खिडकीतून पाहिलं तर सेकंदाचा तुकडा, आणि खेडच्या घरात पाहिलं तर मुलीची कॉलेजची फी.

आता ओळखीकडे येऊ. रिटर्न भरलं म्हणजे काम झालं असं नाही. ते ३० दिवसांत व्हेरिफाय करावं लागतं. ऑगस्ट २०२२ पूर्वी ही मुदत १२० दिवस होती. व्हेरिफाय न केलेलं रिटर्न भरलेलं धरतच नाहीत, मग रिफंडचा प्रश्नच मिटला. २०२४ च्या जुलैअखेर ७ कोटी २८ लाख रिटर्न आली होती, त्यांपैकी ६ कोटी २१ लाख ऑनलाइन व्हेरिफाय झाली होती आणि त्यांतली ५ कोटी ८१ लाख फक्त आधारच्या ओटीपीनं. जवळपास ९४ टक्के. सहा आकड्यांची एक संख्या, दहा लाखांतली एक शक्यता, पंधरा मिनिटांचं आयुष्य. देशाची एवढी मोठी यंत्रणा तिच्यावर उभी आहे.

उरलेले ६ टक्के म्हणजे किरकोळ वाटतात. पण ते चाळीस लाख लोक आहेत, अख्ख्या कतारच्या लोकसंख्येहून जास्त. यात अर्थातच सगळे अनिवासी नाहीत. पण हा जो अरुंद दरवाजा आहे, त्यातून दोह्याच्या माणसाला जावं लागतं, कारण आधारचा ओटीपी भारतातल्या मोबाइल नंबरवर येतो.

पहिलं आधार २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात दिलं गेलं. तिथून आजवर १४० कोटींहून अधिक क्रमांक निघाले. हा क्रमांक बारा आकडी असतो, पहिला आकडा शून्य किंवा एक नसतो आणि शेवटचा आकडा बाकीचे अकरा बरोबर आहेत का ते तपासायला असतो. म्हणजे एकूण ८,००० कोटी क्रमांक शक्य आहेत आणि अजून दोन टक्केही वापरले गेलेले नाहीत. २०२४-२५ मध्ये आधारवरून २,७०७ कोटी वेळा ओळख पटवली गेली. सेकंदाला ८५८ वेळा. एवढ्या अफाट आकाराचं काम एका गोष्टीशी येऊन थांबतं: आधारला जोडलेलं सिमकार्ड आज कोणाच्या खिशात आहे?

कतारला जाताना माणूस गावचं सिम काढून पाकिटात ठेवतो. दूरसंचार नियामकाचा नियम असा की प्रीपेड नंबर ९० दिवस वापरला गेला नाही तर कंपनी तो बंद करू शकते. खात्यात वीस रुपये शिल्लक असतील तर ते कापून घेऊन तीस-तीस दिवसांची मुदत मिळते. म्हणजे ४६,८०० रुपयांचा रिफंड महिना वीस रुपयांच्या शिलकीवर टांगलेला असतो. बंद झालेला नंबर आणखी ९० दिवसांनंतर दुसऱ्या कोणाला दिला जाऊ शकतो. मग दोह्यातला माणूस 'ओटीपी पाठवा' दाबतो, आणि तो मेसेज जळगावच्या किंवा जबलपूरच्या एखाद्या अनोळखी मुलाच्या फोनवर वाजतो. २०२५ पर्यंत तरी आधारचा नंबर बदलायचा तर आधार केंद्रात जाऊन बोटं टेकवावी लागत, आणि ती केंद्रं भारतात आहेत. वर्षातून एकदा मिळणाऱ्या सुट्टीतले एक-दोन दिवस त्यात जात.

याच माणसानं बोटं आणखी एका ठिकाणी दिलेली असतात. आता कतारला कामाला जाणाऱ्याच्या बोटांचे ठसे आधी मुंबईतल्या कतार व्हिसा केंद्रात घेतले जातात. पुढे कतारमध्ये त्याला कतार आयडी मिळतो, अकरा आकड्यांचा. पहिला आकडा शतकाचा, पुढचे दोन जन्मवर्षाचे, त्यापुढचे तीन देशाचे, शेवटचे पाच अनुक्रमाचे. भारताचा आकडा ३५६. कतारमधल्या प्रत्येक भारतीयाच्या ओळखपत्रात चौथ्या स्थानापासून ३५६ बसलेला आहे. या आयडीवर दवाखाना, बँक, पोलीस, विमानतळ सगळं चालतं. दोन सरकारांनी दोनदा ओळखून घेतलेला हा माणूस, तरी त्याच्याच देशाच्या पोर्टलवर तो तो आहे हे सिद्ध करायला एका प्लॅस्टिकच्या तुकड्यावर अवलंबून राहतो.

दुसरे रस्ते आहेत, आणि ते लोकांना पुरेसे सांगितले जात नाहीत याचं मला वाईट वाटतं. एनआरओ खात्याच्या नेट बँकिंगमधून थेट पोर्टलवर जाऊन व्हेरिफाय करता येतं. बँक खात्यावरून किंवा डीमॅटवरून कोड घेता येतो. अनेक बँका अनिवासी खात्याला परदेशी नंबर जोडून देतात, त्यामुळे हा रस्ता दोह्यातून खरोखर चालतो. कागद सही करून बंगळुरूला पाठवायचीही सोय आहे, मात्र २०२४ पासून पाठवल्याची नाही, तिथे पोचल्याची तारीख धरली जाते. टपाल तीस दिवसांत पोचलं नाही तर रिटर्न उशिराचं ठरतं.

व्हेरिफाय झालं तरी पैसे यायला खातं 'व्हॅलिडेट' असावं लागतं, म्हणजे पॅनवरचं नाव आणि बँकेतलं नाव जुळावं लागतं. इथे आपल्या मराठी नावांचा घोळ सुरू होतो. विठ्ठल हे नाव इंग्रजीत एका ठिकाणी एका 'टी'नं लिहिलेलं असतं, दुसरीकडे दोन 'टी'नं. चव्हाणांचं स्पेलिंगही असंच. मधलं वडिलांचं नाव कुठे पूर्ण, कुठे आद्याक्षर, कुठे गायब. आडनाव शाळेच्या दाखल्यात आधी, पासपोर्टात शेवटी. हिशेब करून पाहा. पहिल्या नावाची दोन रूपं, आडनावाची दोन, मधल्या नावाची चार (दोन स्पेलिंगं, एक आद्याक्षर, एक काहीच नाही) आणि क्रम दोन प्रकारचे. एकाच माणसाची ३२ नावं झाली. पॅन, आधार, पासपोर्ट, बँक आणि घराचं खरेदीखत अशा पाच कागदांवर ही ३२ रूपं जितक्या प्रकारांनी येऊ शकतात, ती संख्या आहे ३ कोटी ३५ लाख ५४ हजार ४३२. त्यांतले फक्त ३२ प्रकार असे, की ज्यात पाचही कागद तंतोतंत जुळतात. दहा लाखांत जेमतेम एक. कारकून काही फासे टाकून नाव लिहीत नाही, त्यामुळे प्रत्यक्षात परिस्थिती इतकी वाईट नसते. लग्नानंतर नाव बदललेल्या बायकांच्या बाबतीत मात्र मी हा दिलासा देणार नाही. तिथे हा हिशेबही कमी पडतो.

पॅनच्या दुरुस्तीची एक मोठी कचेरी पुण्यात, बाणेर रस्त्यावर आहे. दुरुस्तीचा अर्ज दोह्यातून ऑनलाइन करता येतो. बँकेच्या नावाची दुरुस्ती मात्र बहुधा शाखेत जाऊनच होते. त्यात २०१९ आणि २०२० मध्ये सरकारी बँकांची विलीनीकरणं झाली: देना आणि विजया बँक ऑफ बडोदात गेल्या, सिंडिकेट कॅनरात, आंध्रा आणि कॉर्पोरेशन युनियनमध्ये, अलाहाबाद इंडियनमध्ये. आयएफएस कोड बदलले. जुना कोड भरलेल्या लोकांचा रिफंड निघतो आणि परत फिरतो. पोर्टलवर 'रिफंड फेल्ड' दिसतं. पुन्हा मागणी टाकावी लागते, ती टाकायची असते हेच अनेकांना महिनोन्‌महिने कळत नाही.

आणि एक आकडा, जो मला सगळ्यात अस्वस्थ करतो. १ जुलै २०२३ पासून आधारला न जोडलेले पॅन निष्क्रिय झाले. माहिती अधिकारातल्या उत्तरानुसार असे पॅन होते साडेअकरा कोटी. अडतीस कतार त्यात बसतील. निष्क्रिय पॅनवर रिफंड मिळत नाही, त्या काळाचं व्याजही नाही, उलट टीडीएस चढ्या दरानं. अनिवासींना ही जोडणी सक्तीची नव्हतीच. मे २०१७ च्या अधिसूचनेतच तशी सूट आहे. पण ही सूट लागू व्हायला खात्याच्या नोंदीत 'हा माणूस अनिवासी आहे' असं असावं लागतं. ज्यानं पॅन काढलं तेव्हा तो रत्नागिरीत होता, आणि नंतर रिटर्नच भरलं नाही, तो नोंदीत रत्नागिरीतच राहिला. जुलै २०२३ मध्ये खात्यानं खुलासा केला की अशांनी आपल्या कर अधिकाऱ्याला पासपोर्टच्या पुराव्यासह कळवावं. सूट कायद्यानं दिली, ती मिळवायचा खटाटोप माणसावर टाकला.

फ्लॅट विकणाऱ्याची रक्कम याहून मोठी. ३८ लाखांना घेतलेला फ्लॅट काही वर्षांनी, एप्रिल २०२५ मध्ये ४५ लाखांना विकला असं धरू. विकणारा चिपळुणात राहत असता तर पन्नास लाखांखालच्या व्यवहारात टीडीएस शून्य. तो दोह्यात आहे म्हणून १२.५ टक्के आणि उपकर मिळून १३ टक्के, आणि आधी कमी कपातीचा दाखला काढला नसेल तर बहुतेक वेळा नफ्यावर नाही, पूर्ण ४५ लाखांवर. ५ लाख ८५ हजार गेले. खरा कर सात लाखांच्या नफ्यावर ९१ हजार. ४ लाख ९४ हजार परत यायचे. रिटर्न भरता येणार ते आर्थिक वर्ष संपल्यावर. व्याज सुरू होणार १ एप्रिल २०२६ पासून, महिना अर्धा टक्का. त्याआधीच्या वर्षभराचं व्याज नाही. हेच त्यानं सरकारचे पैसे थकवले असते तर महिना एक टक्का. शिवाय घेणाऱ्यानं अनिवासी विक्रेत्यासाठीचा वेगळा फॉर्म भरायचा असतो. त्यानं नेहमीचा, निवासी माणसाचा भरला, की कापलेला कर विकणाऱ्याच्या नावावर नीट दिसतच नाही. इथे ओळख दुसऱ्याच माणसाच्या हातानं चुकते.

सतरा दिवसांची सरासरी आपण वर पाहिली. कायद्यात मात्र मुदत वेगळी आहे: ज्या आर्थिक वर्षात रिटर्न भरलं, ते संपल्यानंतर नऊ महिने. ३१ जुलै २०२५ ला भरलेलं रिटर्न खात्यानं ३१ डिसेंबर २०२६ ला हातावेगळं केलं तरी ते वेळेत. सतरा महिने. सरासरी सतरा दिवस आणि मर्यादा सतरा महिने, या दोन टोकांच्या मध्ये जी माणसं असतात, ती सरासरीत दिसत नाहीत. कोट्यवधी लोकांना दहा दिवसांत पैसे मिळाले की काही लाखांचं वर्ष त्यात विरघळून जातं. २०२५ च्या एप्रिल ते नोव्हेंबरच्या सुरुवातीपर्यंत तर परत केलेली रक्कमच आदल्या वर्षाच्या तुलनेत सुमारे १८ टक्क्यांनी घटली होती. संशयास्पद वजावटी तपासल्या जात आहेत, असं कर मंडळाच्या अध्यक्षांनी सांगितलं. तपासणी हवीच, खोट्या रिफंडांच्या टोळ्या आहेत. पण एक महिना सगळ्यांचा रिफंड लांबला तर अर्ध्या टक्क्यानं सरकारलाच सुमारे २,३८५ कोटी रुपये व्याज पडतं, हेही तितकंच खरं.

हे सुटण्यासारखं आहे, म्हणून अधिक टोचतं. जानेवारी २०२३ मध्ये यूपीआयसाठी दहा देशांचे मोबाइल नंबर मान्य झाले, त्यात कतार आहे. म्हणजे +९७४ नं सुरू होणाऱ्या नंबरावरून खेडच्या किराणा दुकानात पैसे देता येतात. पैसे द्यायला जो नंबर विश्वासाचा, तो पैसे परत घ्यायला का नसावा? दोह्याच्या भारतीय दूतावासात पासपोर्टची कामं रोज होतात; तिथेच आधारचा नंबर बदलायचं यंत्र ठेवलं तर आठ लाख लोकांची सोय होईल. आणि भारत-कतार करारानुसार व्याजावरचा कर १० टक्क्यांच्या वर जात नाही. कतारच्या कर प्राधिकरणाच्या 'दरीबा' पोर्टलवरून रहिवासाचा दाखला काढून बँकेला दिला तर फोरमनचे ४६,८०० ऐवजी १५,००० कापले जाऊ शकतात. मुळात कमी कापलं की परत मागायची वेळच कमी येते. १९९९ चा हा करार फेब्रुवारी २०२५ मध्ये अमीर शेख तमीम दिल्लीला आले तेव्हा नव्यानं सह्या करून सुधारला गेला. महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत सांस्कृतिक कार्यक्रमासोबत एक संध्याकाळ या दाखल्यासाठी ठेवली तर ती मला कुठल्याही ऑर्केस्ट्राइतकी मोलाची वाटेल.

जुन्या वर्षांचा रिफंड ज्यांनी सोडून दिलाय, त्यांच्यासाठी. ऑक्टोबर २०२४ च्या परिपत्रकानुसार, राहून गेलेल्या रिफंडसाठी उशीर माफ करण्याचा अर्ज त्या करनिर्धारण वर्षाच्या अखेरीपासून पाच वर्षांपर्यंत करता येतो. एक कोटीपर्यंतच्या रकमेचा निर्णय आयुक्त पातळीवरच होतो. उशीर का झाला याचं खरं कारण द्यावं लागतं, आणि बंद पडलेलं सिम, न जुळलेलं नाव, निष्क्रिय पॅन यांचे पुरावे तुमच्याकडे असतील तर ते जोडावेत. २०२१-२२ या करनिर्धारण वर्षासाठी, म्हणजे कोविडच्या त्या पहिल्या वर्षात कापल्या गेलेल्या करासाठी, ही शेवटची तारीख आहे ३१ मार्च २०२७.